आधी मान वाकवायला सांग

चि. धाकटीस,


रेडिओलॉजीला लागून तुला चार महिनेही झाले नाहीत आणि तू दुर्मीळ आजारांची वेगळी वही घातलीस, हे वाचून बरं वाटलं आणि जरा धास्तीही वाटली. मेंदूच्या एमआरआयमधला वाघाचा डोळा, पांडाचं तोंड, हमिंगबर्ड, दाढ, हॉट क्रॉस बन. सगळं तू ओळीने उतरवून काढलंयस. (हा बन वसईच्या किंवा गोव्याच्या पोरांनी गुड फ्रायडेला खाल्लेला असतो. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी तो आधी मेंदूत पाहिला.) परीक्षेत स्पॉटर येतात, तेव्हा वही कामाला येईलच. ती फाडून टाक असं मी म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या बेन फेल्सन यांनी अशा केसला ‘आँट मिनी’ म्हणायची पद्धत रूढ केली. एकदा पाहिलेली आत्या पुढे कुठल्याही लग्नात लांबून ओळखू येते, तसं हे चित्र. जूबेर सिंड्रोममध्ये मेंदूच्या आडव्या कापात दिसणारी दाढ ही त्यातलीच. एका आत्याला हे नाव आवडायचंच. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे, ती म्हणजे आत्या लग्नाला आलेली आहे. आपल्याकडे येणारे बरेचसे दुर्मीळ आजार न बोलावता येत नाहीत. तू विचारलंस, चित्रं पाठ करू की पुस्तकं वाचू? मी म्हणते, आधी रेफरन्सची चिठ्ठी वाचायला शीक.

ऊसपट्ट्यातला एक मुलगा आठवतो, अठरा-एकोणीस वर्षांचा. उजव्या हाताचा पंजा वाळलेला, पुढच्या हाताचा आतला भागही बारीक झालेला. अंगठ्याच्या बाजूचा, कोपराजवळून येणारा स्नायू मात्र शाबूत, त्यामुळे हात तिरका कापून काढल्यासारखा दिसत होता. दुखणं नाही, बधिरपणा नाही. थंडीत शर्टाचं बटण लावता येत नसे आणि बोटं पसरली की थरथरत. घरच्यांच्या कानावर कुणीतरी ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ हे शब्द घातले होते आणि थोरल्या भावाने मोबाइलवर पुढचं सगळं वाचून ठेवलं होतं. मानेचा एमआरआय एका सेंटरवर आधीच झालेला. रिपोर्ट नॉर्मल.

आमच्याकडे तो आला तो न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन. तिच्यावर एवढंच होतं: ‘हिरायामा? मान वाकवून करा.’

आमच्या टेक्निशियनने कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्याचंही खरंच होतं. मानेची नेहमीची कॉइल डोक्याला जखडून ठेवते, तिच्यात हनुवटी छातीकडे जात नाही. मग लवचिक कॉइल गुंडाळली, डोक्याखाली फोमच्या पाचरी सरकवल्या, मुलाला दोनदा बाहेर काढून पुन्हा निजवलं. बाहेर पुढचा पेशंट घड्याळ बघत बसलेला. पण फोटो आले तेव्हा बोलायला काही उरलं नाही. सरळ मानेत मणक्याच्या कालव्याच्या मागच्या भिंतीला चिकटून बसलेलं ड्युरा, म्हणजे मज्जारज्जूवरचं जाड वेष्टन, मान वाकताच भिंत सोडून पुढे आलं होतं. मागे चंद्रकोरीसारखी पोकळी तयार झाली होती आणि ती फुगलेल्या शिरांनी भरली होती. पुढे मज्जारज्जू मणक्यांवर दाबून चपटा झाला होता. हे वेष्टन मानेच्या मानाने आखूड पडतं, म्हणून दर वेळी मान वाकली की रज्जूला दाब बसतो आणि हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी रक्ताअभावी हळूहळू मरतात. मग जुन्या फिल्म पुन्हा लावल्या, तेव्हा खालच्या भागात रज्जू किंचित बारीक दिसला. शोधणाऱ्याला दिसला असता. पण शोधायला सांगितलं कुणी होतं?

जपानच्या केइझो हिरायामा यांनी हा आजार १९५९ साली वर्णन केला. तेव्हा एमआरआय तर सोडच, सीटीचाही पत्ता नव्हता; सीटीवर पहिला रुग्ण घेतला गेला तो १९७१ साली, लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात. हिरायामांनी वाळलेले तरुण हात पाहिले, ते काही वर्षांनी आपोआप वाळायचे थांबतात हे पाहिलं, आणि जिवावर बेतणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारापासून हे प्रकरण वेगळं काढलं. आपल्या देशातूनही याचे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. त्या मुलाला मानेचा पट्टा दिला. गेलेला स्नायू परत आला नाही, तो येत नाहीच. पण दाब थांबला की पुढची झीज रोखता येते. वडिलांना मी एवढंच सांगितलं की भावाने मोबाइलवर वाचलेला आजार हा नव्हे. ते खुर्चीवर बसलेच एकदम.

डोळा तयार झाला की सगळं आपोआप दिसतं, असं तुला वाटत असेल तर २०१३ सालचा एक प्रयोग ऐक. ट्रॅफ्टन ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत चोवीस रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी देऊन फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या केसमध्ये त्यांनी एक गोरिला चिकटवून ठेवला होता, नेहमीच्या गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठा. वीस जणांना तो दिसला नाही. डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र म्हणत होतं की त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडली होती. यात त्या लोकांची थट्टा करण्यासारखं काही नाही. त्यांना गाठी शोधायला सांगितल्या होत्या, त्यांनी गाठी शोधल्या.

आता पायाच्या अंगठ्याचं सांगते, हे वहीत पहिल्या पानावर लिही. लहान मूल पाठीवर किंवा मानेवर टणक, दुखऱ्या गाठी घेऊन येतं. एमआरआयवर सूज भयंकर दिसते, सगळ्यांच्या मनात कॅन्सर येतो आणि बायॉप्सीची तारीख पडते. त्या आधी मुलाचे मोजे काढायला सांग. दोन्ही अंगठे आखूड आणि आत वळलेले असतील, जन्मापासूनच तसे असतील, तर पायाचा साधा एक्स-रे काढ आणि सर्जनला फोन लाव. फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, साधारण दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा आजार. यात स्नायूंचं आणि अस्थिबंधांचं हाड होत जातं, आणि सुई-सुरीचा घाव हा त्याला निमंत्रण ठरतो. जनुक २००६ साली सापडलं, त्यामुळे आता रक्तावरून खात्री करता येते. फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा आहे. १९७३ साली, चाळिशी गाठण्याआधीच ते गेले. देह अभ्यासाला द्या असं सांगून गेले होते. तो सांगाडा जागोजागी जुळलेला आहे. कोट्यवधींच्या यंत्राला जे सांगता येत नाही ते इथे अंगठा सांगतो.

शिवाय दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ, हेही विचारत जा. कणा आणि कमरेची हाडं खडूसारखी पांढरीशुभ्र दिसली की पुस्तकातला मुलगा ‘ऑस्टिओपेट्रोसिस’ म्हणून हात वर करतो. पेशंट यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या गावातला असेल तर तू आधी विचार, पाणी कुठलं पिता? बोअरचं असेल तर हाताचा एक्स-रे काढ. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठलेला दिसला की तो फ्लोराइडचा प्रताप. आपल्या देशात हे दुखणं १९३७ सालीच मद्रास इलाख्यातून नोंदलं गेलंय, तरी अजून त्याला भलती नावं मिळतात.

तुझा शेवटचा प्रश्न मला टोचला. इलाजच महाग किंवा नसलेला, तर नाव शोधून काय करायचं? मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक शंकुपात्रासारखं फाकलेलं आणि प्लीहा पोटभर वाढलेली, असं मूल आलं तर गॉशे आजाराचा विचार कर. (थॅलेसेमियातही हाड तसं दिसतं आणि तो आपल्याकडे कितीतरी जास्त, म्हणून आधी तो बघ.) एन्झाइमच्या तपासणीने गॉशे पक्का झाला, तर औषध आहे. २०२१ साली केंद्राचं दुर्मीळ आजारांचं धोरण आलं, त्यातल्या ठरावीक केंद्रांमध्ये मुंबईचं केईएम आहे, आणि २०२२ पासून तिथे एका रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. जन्मभराच्या औषधाला हे पैसे पुरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण कागदावर नाव नसलेल्या मुलाचा अर्जसुद्धा भरता येत नाही.

आणि एक. रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ लिहून हात झटकायची सवय आपल्या जमातीला आहे. तू ते लिहू नकोस असं नाही म्हणत, पण त्याच्या पुढे दुसरं वाक्य लिही: कशाशी ताडायचं, आणि पुढे कोणता फोटो कोणत्या स्थितीत काढायचा. पेशंटच्या पिशवीतल्या जुन्या फिल्म मागून घे, गादीखाली ठेवून चिकटलेल्या असल्या तरी. सीडी उघडत नसेल तर नातेवाइकांवर वैतागू नकोस, ती आमच्याकडेही उघडत नसे.

तब्येत सांभाळ. रात्रपाळीनंतर उपाशी झोपू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फिल्म पाहिली. कोपऱ्यात पेशंटचं नाव स्पष्ट वाचता येतंय, ते झाकून पुन्हा पाठव. वय आणि गाव तेवढं राहू दे.