बंदूक कोणती घ्यावी?

माझ्या मामांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यांची रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली. वाद मात्र घरातच राहिला. दिवाळीच्या फराळाला आम्ही भाचरे जमलो, की तो हटकून निघे : मोठ्या जनावरासाठी बंदूक कोणती घ्यावी?

एका बाजूला ‘कारामोजो’ बेल. या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक .275 च्या लहानशा रायफलीने. हत्तीच्या कवट्या कापून मेंदू नेमका कोठे असतो, हे त्याने आधी पाहून ठेवले होते. दुसऱ्या बाजूला .470 ची दुनळी रायफल. तिची गोळी 500 ग्रेनची, म्हणजे सुमारे 32 ग्रॅमची! नेम थोडा चुकला, तरी जनावर हादरते.

लहानपणी मला बेलच थोर वाटे. आज वाटते, त्याची बंदूक त्यालाच शोभली. आपण हत्यार निवडतो ते आपल्या उत्तम दिवसाचा नेम धरून. जनावराच्या वाट्याला मात्र आपला वाईट दिवसही येतो. मग थोरली बंदूक घ्यावी? तिच्या धक्क्याच्या धास्तीने ज्याचे डोळे आधीच मिटतात, त्याच्या हाती तीही व्यर्थच.

आणि चुकलेल्या गोळीचा हिशेब कोण देतो? कुमाऊंतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने 1907 साली मारले. तिच्या नावावर 436 माणसांचे बळी होते. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे मोडलेले आढळले. कुणाच्या तरी जुन्या गोळीने ते मोडले आणि नेहमीचे भक्ष्य धरणे तिला जमेनासे झाले, असे कॉर्बेटने लिहिले आहे. गोळी झाडणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. तो बहुधा घरी जाऊन स्वस्थ जेवला असेल.

एका दिवाळीत मी मामांना विचारले, “तुमचा नेम कधी चुकला नाही?”

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एक सांबर जखमी होऊन नाल्यात उतरले. दोन दिवस शोधले, सापडले नाही. रायफल उत्तम होती रे. उजेड कमी होता. मी थांबायला हवे होते.”

कोणती बंदूक घ्यावी, याआधी एक प्रश्न आहे : ती खाली ठेवणे आपल्याला जमेल काय? रागाने तोंडाशी आलेल्या शब्दालाही हाच प्रश्न लागू पडतो.

त्या दिवाळीनंतर मामांनी तो वाद पुन्हा काढला नाही.