स्वयंभू कोण?

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. गौरवपर भाषणात एका वक्त्याने ‘फादर केवळ स्वतःच्या बळावर वर आले’ असे उद्गार काढले. मंडपात टाळ्या पडल्या आणि आम्ही मान लववून त्या स्वीकारल्या. मागच्या रांगेत आमचे थोरले बंधूही टाळ्या वाजवीत होते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे पाठ गिरवीत होतो, त्या वर्षांत शिक्षण सोडून पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या दादरला नेणारे हेच ते बंधू. आम्ही वक्त्याचे बोलणे दुरुस्त केले नाही. तो क्षण अद्याप सलतो.

या सलाला वाचा फुटली ती एका फ्रेंच चित्रकाराचे चरित्र वाचताना. त्याचे नाव आंरी रूसो. याच आडनावाचा तत्त्वज्ञ आपल्या परिचयाचा आहे, पण हा वेगळा. १८४४ साली लाव्हाल गावी एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी तो जन्मला. काही काळ सैन्यात चाकरी केल्यावर १८७१ साली तो पॅरिसच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून रुजू झाला. मुंबईच्या वेशीवर २०१७ पर्यंत जकात नाके होते. तसल्याच नाक्यांवर शहरात येणाऱ्या मालाचा कर वसूल करण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. कलाशाळेचा उंबरठा त्याने ओलांडला नाही. चाळिशीच्या सुमारास तो चित्रकलेकडे गंभीरपणे वळला आणि १८९३ साली नोकरी सोडून पूर्णतः तिला वाहून घेतले. नाक्याचा परिसर, सेन नदीचा काठ आणि उपनगरांतील वाटा ही त्याची आरंभीची निसर्गचित्रे. पुढे त्याने रंगवलेल्या घनदाट अरण्यांनी त्याला कीर्ती दिली. १९१० साली तो निवर्तला.

‘निसर्गावाचून ज्याला गुरू नाही असा चित्रकार’ अशी त्याची ख्याती झाली. तिला आधार होता त्याच्याच एका टिपणाचा. १८९२ साली स्वतःविषयी लिहिताना निसर्गाखेरीज आपल्याला गुरू नव्हता असे त्याने म्हटले खरे. परंतु त्याच ठिकाणी झेरोम आणि क्लेमां या दोन चित्रकारांकडून काही सल्ला मिळाल्याचेही नमूद केले. जगाने वाक्याचा पूर्वार्ध उचलला व उत्तरार्ध गाळला. आमच्या मंडपात याहून निराळे काय घडले?

त्याचे ऋण दोघांपुरते नव्हते. १८८४ साली त्याने लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या प्रती करण्याची परवानगी मिळविली. बूगरोसारख्या प्रस्थापित, घोटीव शैलीच्या चित्रकारांविषयी त्याला आदर होता. १८८६ पासून ज्या प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली, तेथे निवड करणारे परीक्षक मंडळच नव्हते. ती मुक्त द्वारे इतरांनी झगडून उघडली होती. आणि ती अरण्ये? रूसोने फ्रान्सची सीमा कधी ओलांडली नाही. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील काचगृहांत तो तासन् तास रमे. १९०५ सालच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात सिंह हरणावर झडप घालतो आहे. ती जोडी त्याला निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या स्थितीत भेटली होती. ज्या माळ्याने काचगृहातील रोपे जगवली, ज्या कारागिराने त्या सिंहाच्या कातड्यात पेंढा भरला, त्यांची नावे आज कोण सांगेल?

येथे सुजाण वाचक हरकत घेईल. सारेच इतरांचे असेल, तर रूसोचे स्वतःचे असे काय उरले? हरकत योग्य आहे. त्या काचगृहातून हजारो पॅरिसवासी हिंडून गेले. पानांचा तो हिरवा गूढ अंधार एकट्याने पाहिला. उपहास झेलत वर्षानुवर्षे त्याने कुंचला खाली ठेवला नाही. हे कोणी त्याला आयते दिले नव्हते. परंतु घेणे आणि घडविणे यांची वजाबाकी करावयाची नसते. विहिरीचे पाणी शेजाऱ्याचे होते असे मान्य केल्याने मळा फुलविणाऱ्याचा घाम कमी होत नाही. ऋण मान्य केल्यास आपले कर्तृत्व उणे होईल, ही आपली भीतीच मुळात खोटी.

या भीतीची किंमत रूसोच्या आयुष्यातही दिसते. तरुणपणी सैन्यात असताना आपण मेक्सिकोला गेलो होतो आणि तेथली अरण्ये पाहिली, अशी दंतकथा त्याच्याभोवती उभी राहिली. कवी आपोलिनेर याने ती पसरविली आणि रूसोनेही ती पसरू दिली. काचगृहातील उसनी पाने सांगण्यास त्याला संकोच वाटला असावा. वास्तविक सत्य त्या दंतकथेहून सुंदर होते. जकात नाक्यावरचा एक गरीब कारकून सुट्टीच्या दिवशी काचेच्या छताखाली उभा राहतो आणि तेथून एक अरण्य घेऊन घरी परततो, याहून अद्भुत काय असू शकते?

आम्हीही आमचा मेक्सिको पसरू दिला होता. दोष वक्त्याचा नव्हता. तो सौजन्याने बोलला. मौन आमचे होते. आपल्या घरांतून आज मुले शिकून मोठी होत आहेत, परदेशी जात आहेत, आणि ‘त्याने स्वतःच सारे केले’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. ते उच्चारताना मागच्या रांगेकडे एकवार नजर टाकावी, एवढीच आमची विनंती आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बंधूंकडे गेलो आणि मनातले सारे बोलून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, “फादर, मी तरी एकटा कुठे नेत होतो? भरलेली पाटी डोक्यावर द्यायला रोज कुणीतरी लागायचंच.”