हरतो मी, खोकतात दुसरे

'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' हा गेम संपवून बरेच महिने झाले, तरी एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. त्यातल्या तलवारबाजीने मला खरोखर आनंद दिला, की नुसता त्रास दिला आणि तो त्रास थांबल्यावर जो सुटकेचा श्वास येतो त्यालाच मी आनंद म्हणत राहिले? मी खेळत असताना आई कधीकधी मागे बसून बघायची. तिने एकदा विचारलं, "अगं, खेळच आहे ना हा? मग एवढ्या आठ्या कशाला?" प्रश्न साधा होता आणि रास्त होता. त्याचं उत्तर तिला देण्याआधी स्वतःला देणं मला भाग आहे, कारण या गेमवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि ज्यावर प्रेम आहे त्याच्याबद्दल आपण स्वतःशी सहज खोटं बोलतो.

टोकियोतल्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने मार्च २०१९ मध्ये हा गेम आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. 'डार्क सोल्स' (२०११) आणि 'ब्लडबोर्न' (२०१५) हे गेमही त्यांचेच, त्यामुळे अवघडपणाचा लौकिक आधीपासूनचा. पण त्या गेममध्ये वाटा होत्या. एखादा बॉस आटोक्यात येत नसेल तर मागे जाऊन लहानसहान शत्रू मारायचे, ताकद वाढवून परत यायचं, नाहीतर इंटरनेटवरून कुणाला तरी मदतीला बोलवायचं. सेकिरोमध्ये मदतीला कुणी येत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुख्य शस्त्र म्हणजे एकच तलवार, आणि तिच्या वाराची ताकद वाढते ती मुख्यतः मोठ्या शत्रूंना हरवल्यावर. जो जिथे अडला त्याने तिथेच शिकायचं.

शिकायचं काय, हे नीट सांगायला हवं, कारण माझा सगळा प्रश्न त्यातच आहे. बहुतेक ॲक्शन गेममध्ये शत्रूचं आयुष्य दाखवणारी पट्टी वार करून करून संपवायची असते. इथे तिच्याबरोबर दुसरी एक पट्टी असते, तोलाची. शत्रूची तलवार अंगावर येत असताना ऐन क्षणी बटण दाबलं की ठिणग्या उडतात, खणकन आवाज होतो आणि त्याचा तोल थोडा ढळतो. असं होत होत त्याची पट्टी भरली की त्याच्या छातीवर लाल ठिपका चमकतो, आणि मग एकच घाव पुरतो. मागे सरून दम खाल्लात तर त्याचाही तोल सावरतो. म्हणजे जवळ राहिलंच पाहिजे. घाबरून बटण सारखं दाबत राहिलं तर वार अचूक परतवण्याची संधी आणखी अरुंद होते. भित्रेपणाला आणि घाईला, दोन्हींनाही इथे जागा नाही. फुगडी घालताना दोघींनी एकमेकींच्या भारावर स्वतःला सोपवलेलं असतं, कुणी एकीने अंग चोरलं की दोघी कोलमडतात. या लढाईची लय मला तशी वाटते. समोरचा वार करतो आहे म्हणूनच माझा तोल टिकतो आहे.

मला ही लय पहिल्यांदा सापडली ती जेनिचिरो आशिनाशी लढताना. जपानच्या सेन्गोकू काळातलं आशिना हे काल्पनिक राज्य शेवटच्या घटका मोजतं आहे, आणि जेनिचिरोला ते काहीही करून वाचवायचं आहे. गेमच्या सुरुवातीलाच तो आपण खेळत असलेल्या नायकाचा डावा हात तोडतो. त्या पहिल्या लढाईत एखाद्याने कौशल्याने त्याला हरवलं, तरी हात जातोच. पुढे किल्ल्याच्या माथ्यावर तो पुन्हा भेटतो, आणि तिथे मी अडकले. तो उडी मारून तलवार आपटतो. त्यानंतर त्याच्याकडून दोन गोष्टी येऊ शकतात. एकतर सरळ भोसकणं, नाहीतर पायाशी आडवा फिरणारा वार. दोन्हींच्या आधी पडद्यावर धोक्याचं तेच लाल अक्षर झळकतं. भोसकणं असेल तर मागे न हटता उलट त्याच्याच दिशेने पाऊल टाकून पातं पायाखाली दाबायचं. आडवा वार असेल तर उडी मारायची. दोन्हींची गल्लत झाली की संपलं. लाल अक्षर फक्त सावध करतं. काय येतं आहे ते त्याच्या खांद्यावरून आणि तलवारीच्या टोकावरून ओळखावं लागतं.

माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला होता. माझ्याशेजारी बसून त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "आत्या, तू अक्षर दिसलं की दाबतेस. त्याच्याकडे बघतच नाहीस." त्याने दोन वाक्यांत नेमकं सांगितलं. त्यानंतर मी काही वेळ जिंकायचा विचारच सोडून दिला आणि फक्त जेनिचिरोच्या खांद्याकडे बघत राहिले. हरत होते, पण प्रत्येक वेळी कशामुळे हरले हे मला सांगता येत होतं. इथे लवकर उडी मारली, इथे बाणाकडे दुर्लक्ष झालं, इथे एक वार जास्तीचा करायचा मोह झाला. आयुष्यात हरण्याचं कारण इतकं स्वच्छ हाती लागणं फार दुर्मीळ आहे. नोकरीत बढती हुकते, नातं विस्कटतं, आणि नेमकं काय चुकलं ते वर्षानुवर्षं कळत नाही. सेकिरोची उत्तम लढाई हे कारण तिथल्या तिथे दाखवते. मला मिळालेल्या समाधानाचा मोठा भाग जिंकण्यात नव्हताच, तो या स्वच्छपणात होता असं मी आज म्हणेन.

पण हे उत्तम लढायांबद्दल झालं. सगळ्या तशा नाहीत, आणि तसं न म्हणणं ही अंधभक्ती होईल. खोलीच्या कोपऱ्यात सापडलं की कॅमेरा भिंतीला चिकटतो आणि शत्रूच दिसेनासा होतो. साखळदंडातला राक्षस आपल्याला पकडतो तेव्हा त्याचा हात आपल्यापासून दूर होता असं डोळे शपथेवर सांगतात. द्वेषाचा तो आगीने पेटलेला राक्षस तर दुसऱ्याच कुठल्या गेममधून आल्यासारखा आहे. त्याच्याशी लढताना तलवारीची लय बरीचशी बाजूला राहते आणि पळापळच फार होते. शेवटच्या लढाईत इश्शिन या बॉसकडे पोचायला प्रत्येक वेळी आधी जेनिचिरोला पुन्हा हरवावं लागतं, आणि जे आधीच येतं तेच परत परत सिद्ध करण्यात शिकण्यासारखं काही उरत नाही. अशा ठिकाणी मी चिडले, आणि ती चीड रास्त होती. कठीण असणं वेगळं, अन्यायाचं असणं वेगळं. गेमचे चाहते, त्यांत मीही आले, या दुसऱ्या गोष्टीलाही पहिलीचंच नाव देऊन मोकळे होतात.

आता त्या चिडीबद्दल. सेकिरोमध्ये मरण फुकट नसतं. मेलं की जवळचे अर्धे पैसे आणि पुढच्या कौशल्यासाठी साठवलेला अर्धा अनुभव जातो. कधीमधी अदृश्य मदत मिळून ते वाचतं, इतकंच. पण त्याहून वेगळी शिक्षा अशी की नायक पुन्हा पुन्हा मरून उठू लागला की आसपासच्या माणसांना ड्रॅगनरॉट नावाचा रोग जडतो. आशिनाच्या बाहेरच्या भागात एका पडक्या घरात एक म्हातारी आपल्या मुलाची आठवण काढत बसलेली असते. बऱ्याच पराभवांनंतर मी तिच्याकडे परत गेले तेव्हा ती खोकत होती. हरलेली मी, आणि खोकला तिला. गेममधली ही माणसं त्या रोगाने मरत नाहीत, पण त्यांच्या गोष्टी जिथल्या तिथे थांबतात, आणि एक दुर्मीळ औषध वापरलं की पुन्हा बरी होतात. नियम म्हणून बघितलं तर हे फार मोठं ओझं नाही. माझ्या मनाला मात्र तो खोकला लागला, कारण माझ्या हरण्याचा परिणाम माझ्यापुरता राहत नाही ही गोष्ट घरातही खरी होती. कंट्रोलर ठेवून उठल्यावर पुढची दहा मिनिटं माझं बोलणं तुटक असायचं. समोर जो कोणी असेल, त्याला ते ऐकावं लागायचं. ज्या छंदाची किंमत घरातली दुसरी माणसं मोजतात, त्याला माझं वैयक्तिक समाधान म्हणण्याचा हक्क मला कितपत आहे, हे मी त्या म्हातारीमुळे स्वतःला विचारू लागले. तेव्हापासून एक पथ्य पाळते. शेवटचा डाव हरून उठायचं नाही. आधी गेममधल्या पडक्या देवळाच्या आवारात जायचं, तिथे हानबेई नावाचा न मरणारा सामुराई सरावासाठी स्वतःचं शरीर देतो, त्याच्याशी दोन हात करायचे, श्वास जागेवर आणायचा आणि मगच माणसांत यायचं. चीड गिळायला नव्हे, ती उतरायला वेळ द्यावा लागतो.

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. आनंद की नुसती सुटका? ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने गेममध्ये एक मोफत भर घातली. हरवलेल्या बॉसशी आता हवं तेव्हा पुन्हा लढता येतं. माझ्यासाठी ती कसोटी ठरली. डोकेदुखी थांबल्यावर बरं वाटतं, पण ते बरं वाटणं पुन्हा मिळावं म्हणून कुणी डोकं दुखवून घेत नाही. सुटकाच असती, तर मी जेनिचिरोकडे परत कशाला गेले असते? मी गेले, आणि पुन्हा पुन्हा गेले. जिंकून मिळवायचं काही नव्हतं, दाखवायला कुणी नव्हतं. तरीही तलवारीवर तलवार आपटण्याचा तो आवाज ऐकताना, पुढचा वार येण्याआधी तो मला माहीत असताना, जे वाटलं त्याला आनंदाशिवाय दुसरं नाव नाही. इश्शिनकडेही गेले. द्वेषाच्या राक्षसाकडे मात्र एकदाही परत जावंसं वाटलं नाही. त्या विजयाच्या रात्री मी जी आरोळी ठोकली होती ती सुटकेचीच होती, हे मला आता मान्य केलं पाहिजे. त्यामुळे या गेमबद्दल एकच सरसकट उत्तर देता येत नाही, लढाईगणिक ते बदलतं.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. माझ्या आनंदात अभिमान किती? या गेममध्ये सोपं करण्याची कुठलीही सोय नाही. मियाझाकींनी तेव्हाच्या मुलाखतींत त्याचं कारण सांगितलं होतं. प्रत्येकाने एकाच पातळीवरून तो अनुभव घ्यावा आणि त्याबद्दल बोलावं, अशी त्यांची भूमिका होती. ती भूमिका मला कळते. सोय असती तर जेनिचिरोपाशी मी ती वापरली असती आणि त्याच्या खांद्याकडे कधीच बघितलं नसतं, असं मी कितीतरी लोकांना सांगितलं आहे. पण हे खरं आहे का? 'सेलेस्ट' हा २०१८ चा डोंगर चढण्याचा गेमही भलताच कठीण आहे, आणि त्याच्या मेनूमध्ये वेग कमी करण्याची, अगदी अमर होण्याचीही सोय उघड ठेवलेली आहे. मी ती कधी उघडली नाही. सोय समोर असूनही मी कठीण वाटच धरली होती. म्हणजे सोयीमुळे मी बिघडले असते, हा माझा युक्तिवाद माझ्याच वागण्यावर टिकत नाही.

मग मला ती सोय का नको होती? २०१९ मध्ये एका इंग्रजी गेमिंग प्रकाशनाच्या समीक्षकाने लिहिलं की सेकिरोची शेवटची लढाई त्याने संगणकावर गेमचा वेग कमी करून जिंकली आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याच्यावर लोक तुटून पडले. ते वाचताना माझ्याही मनात त्या लोकांची बाजू उमटली, आणि तिथे मला थांबून स्वतःकडे बघावं लागलं. त्याने माझं काय घेतलं होतं? माझी बोटं शिकली ती शिकलीच होती. त्याच्या हळू झालेल्या तलवारीने माझ्या तलवारीचा आवाज कमी होत नव्हता. मला राग आला तो एवढ्याचसाठी की जिथे पोचल्याचा मला अभिमान होता, तिथे तो दुसऱ्या वाटेने पोचला. दारं बंद आहेत म्हणून आतल्या जागेची किंमत वाटणं, हा काही लढाईतून मिळालेला आनंद नाही. तो वेगळा काढून ठेवला तरी माझ्यापाशी पुष्कळ उरतं, आणि उरतं तेच माझं आहे.

ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडतात, ज्यांच्या डोळ्यांना ती लाल खूण वेळेवर टिपता येत नाही, ज्यांना दिवसभराच्या कामानंतर जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यांच्यासाठी जेनिचिरोचा खांदा थोडा हळू हलला तरी त्यांना तो बघावाच लागेल. आपला तोल, त्याचा तोल, पुढे टाकायचं पाऊल, यातलं काहीही वेग कमी केल्याने नाहीसं होत नाही. ही लढाई इतकी चांगली रचलेली आहे की ती हळू चालूनही शिकवील, असा माझा तिच्यावर विश्वास आहे.

माझ्यापुरता निवाडा असा. सेकिरोची तलवारबाजी, जिथे ती तलवारबाजी आहे तिथे, मनापासून आनंद देते. जिथे ती कॅमेऱ्याची, पकडींची आणि पळापळीची लढाई होते, तिथे ती फक्त छळते. ज्यांनी हा गेम मूळ वेगात संपवला आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: कुणी तो हळू करून खेळला, अर्ध्यावर सोडला किंवा नुसता चिडून बंद केला, तर त्याला कमी लेखू नका. आणि गेम करणाऱ्यांनो, पुढच्या वेळी वेग कमी करण्याची एक सोय ठेवा. आमच्यापैकी ज्यांना ती नको आहे, ते ती उघडणार नाहीत.