विसाव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

लांबच्या वाटेवर विसावा घेणे देवाला मान्य आहे. इस्राएल लोक अरण्यातून चालले असता एलीम येथे त्यांना बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे मिळाली, आणि त्यांनी तेथे तळ दिला (निर्गम १५:२७). खुद्द प्रभु येशूही प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीजवळ बसला. तेव्हा थकणे हे पाप नव्हे व बसणे हा आळस नव्हे. परंतु आम्हांस येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. आपण विसावतो तेव्हा आपले ओझे कोण वाहतो?

सुरत जिल्ह्याच्या वाटेवर हा प्रश्न एकदा उघडपणे विचारला गेला. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी ७८ सोबत्यांसह साबरमतीहून पायी निघाले व ५ एप्रिलला दांडीस पोहोचले. अंतर सुमारे ३९० किलोमीटर. सोबत्यांत केरळच्या मार्थोमा मंडळीतील टायटस हे ख्रिस्ती बंधूही होते. सोमवार हा गांधीजींचा मौनाचा वार; त्या दिवशी चालणे बंद असे. ३१ मार्चचा सोमवार त्यांनी देलाड गावी असाच घालविला.

त्यापूर्वी दोनच दिवस, भटगामच्या मुक्कामी, त्यांनी आपल्याच मंडळींची झडती घेतली होती. रात्रीच्या चालीत उजेड हवा म्हणून एका गरीब मजुराच्या डोक्यावर स्टूल व त्यावर रॉकेलची जड बत्ती दिली होती, आणि भरभर चालण्यासाठी त्याला दटावले जात होते. ते पाहवेना म्हणून गांधीजी वेगाने पुढे गेले, तर त्या मजुरालाच त्यांच्यामागे पळविण्यात आले! सुरतेहून मोटारलॉरीने दूध आणविले गेल्याचेही त्यांना कळले होते. आपण वेठबिगारीला विरोध करतो, मग ही वेठबिगारी नव्हे तर काय, असे त्यांनी विचारले. ओझे न्यायचेच असेल तर आपल्यापैकी कोणी न्यावे. मग त्याची गरज नव्हती हे लौकरच कळेल, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता.

शब्बाथाची आज्ञाही हेच शिकविते. अनुवाद ५:१४ मध्ये विसावा केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, या सर्वांसाठी तो आहे. कारणही लगेच दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता. ज्याला आपली गुलामी आठवते त्याला दुसऱ्याची थकावट दिसते.

कोणी म्हणेल, मग कोणाचा पाहुणचारच घ्यावयाचा नाही काय? तसे नव्हे. शूनेमच्या बाईने अलीशासाठी माडीवर खोली बांधली, ती आपखुशीने. आणि संदेष्ट्यानेही तिच्यासाठी काय करता येईल हे विचारले. प्रेमाने दिलेले प्रेमाने घ्यावे. परंतु ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्याकडून घेतलेली सेवा हा पाहुणचार नव्हे.

२ एप्रिल १९३० रोजी ती यात्रा दिंडोलीवरून गेली. आज त्याच दिंडोलीत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. सुरतेच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. अशा श्रमलेल्या शहरात रविवारचा विसावा ही मोठी देणगी आहे. म्हणूनच मंडळीने स्वतःस विचारावे: आपल्या मेळाव्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईला उपासनेत बसावयास मिळते काय? सहलीच्या गाडीचा चालक आपल्या पंगतीत जेवतो काय? घरची मोलकरीण रविवारी मोकळी असते काय?

रविवार-शाळेच्या शिक्षकांनी पुढील सहलीत एवढे करून पाहावे. भांडी मुलांनी व शिक्षकांनी मिळून घासावीत, सामान आळीपाळीने उचलावे. काही वस्तू न्यावयासच नकोत हे मुले आपणच सांगू लागतील. विसावा लहान होईल, साधा होईल. पण तो सर्वांचा होईल, आणि प्रभूचा विसावा तोच.