एक पणजोबा, दोन पुस्तकं

न्यूटन नाइट नावाच्या एका शेतकऱ्यावर त्याच्याच घराण्यातून दोन पुस्तकं निघाली. पहिलं 1935 मध्ये त्याच्या मुलाने, टॉमने लिहिलं. त्यात बाप गोरगरिबांचा कैवारी आहे. दुसरं 1951 मध्ये एथेल नाइट या बाईंनी लिहिलं. नात्याने त्या न्यूटनच्या चुलत नात. त्यांच्या पुस्तकात तोच माणूस पळपुटा, लुटारू, खुनी आणि देशद्रोही आहे. देशद्रोही म्हणताना कुठल्या देशाचा, हे विचारावं लागतं, कारण न्यूटनच्या तरुणपणी चार वर्षं तिथे देशच दोन होते. मुलाला काय आणि नातीला काय, घराण्याची अब्रूच राखायची होती. पण दोन पुस्तकांच्या मधल्या काळात त्या घराण्यावर एक खटला गुदरला आणि अब्रूचा हिशेब दोघांच्याही हातात राहिला नाही.

पण आधी पणजोबा.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या आग्नेय भागात जोन्स नावाचा जिल्हा आहे. पाइनची दाट जंगलं, हलकी जमीन. माणसं मका पिकवत, गुरं-डुकरं रानात सोडत. कापसाचे मोठे मळे होते ते पश्चिमेला, मिसिसिपी नदीच्या काठच्या सुपीक पट्ट्यात. 1860 च्या गणतीत जोन्समध्ये गुलामांचं प्रमाण लोकसंख्येच्या 12 टक्क्यांच्या आसपास होतं, राज्यात सगळ्यांत कमी. न्यूटनचे आजोबा जॅकी नाइट मात्र त्या भागातले मोठे गुलाममालक. बाप अल्बर्टकडे एकही गुलाम नव्हता, न्यूटनकडेही नव्हता. एकाच घराण्यात मालक आणि शेतकरी दोन्ही होते, हे लक्षात ठेवायचं.

अमेरिकेतून फुटून निघायचं की नाही हे ठरवायला राज्याने सभा बोलावली, तेव्हा जोन्सच्या लोकांनी फुटायला विरोध असलेला प्रतिनिधी निवडून पाठवला. राजधानीत पोचल्यावर त्याने मत दिलं फुटण्याच्या बाजूने. 9 जानेवारी 1861 ला मिसिसिपी बाहेर पडलं. गावाकडे लोकांनी त्या प्रतिनिधीचा पुतळा जाळला. निवडून गेलेला माणूस राजधानीत जाऊन बदलतो, हा अनुभव काही एकट्या जोन्सचा नाही.

न्यूटन 1861 च्या उन्हाळ्यात फुटीर राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सैन्यात भरती झाला. बाप आजारी पडला म्हणून रजेवर घरी आला. 1862 च्या एप्रिलमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि मे महिन्यात तो पुन्हा दाखल झाला, या वेळी शेजारपाजारच्या पोरांबरोबर, सातव्या मिसिसिपी बटालियनमध्ये. अनोळखी पलटणीत ढकललं जाण्यापेक्षा आपल्या माणसांत गेलेलं बरं, असा हिशेब तेव्हा अनेकांनी केला. लढण्याऐवजी आजाऱ्या-जखमींची शुश्रूषा करायला आपण तयार झालो होतो, असं तो पुढे सांगत असे.

ऑक्टोबर 1862 मध्ये कॉरिंथच्या लढाईत या सैन्याचा सडकून पराभव झाला. त्याच महिन्यात सरकारने नवा कायदा केला: ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम असतील, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला सैन्यातून सूट. गुलामांवर नजर ठेवायला कुणीतरी हवं, हे कारण. ज्याच्याकडे वीस गुलाम तो घरी, ज्याच्याकडे एकही नाही तो खंदकात. न्यूटनचा सोबती जॅस्पर कॉलिन्स याला हे कळलं तेव्हा, लढाई श्रीमंतांची आणि मरायचं गरिबांनी, असं म्हणून त्याने सैन्य सोडलं. हे बोल तेव्हा साऱ्या दक्षिणेत फिरत होते. न्यूटनही निघाला. पलटणीच्या कागदांत त्याच्या नावापुढे ‘रजेविना गैरहजर’ असा शेरा पडला.

घरी काय होतं? पुरुष लढाईवर, नांगर बायकांच्या हाती, आणि सरकारी माणसं धान्याचा दहावा हिस्सा करापोटी उचलून नेत, वर घोडे आणि गुरंही. न्यूटनला पकडून परत नेण्यात आलं. तो पुन्हा निसटला. 4 जुलै 1863 ला व्हिक्सबर्ग हे कॉन्फेडरेट ठाणं पडलं, तिथे शरण गेलेले शिपाई घरोघर परतले आणि फरारींची संख्या वाढली. त्यांना धरायला आलेला मेजर एमॉस मॅक्लेमोर 5 ऑक्टोबर 1863 च्या रात्री एलिसव्हिल गावातल्या एका घरात गोळीला बळी पडला. गोळी न्यूटनने झाडली असं सगळा जिल्हा मानतो. कोर्टात ते कधी सिद्ध झालं नाही. आठवड्याभरात फरारींनी आपली कंपनी उभारली आणि न्यूटनला कप्तान केलं.

लीफ नदीच्या दलदलीत त्यांचा मुक्काम. एकमेकांना बोलवायला गुराचं काळं शिंग फुंकत. एथेलबाईंच्या पुस्तकाच्या नावातही ते शिंग आहे. कप्तान दलदलीत लपला होता, पण त्याला जगवणारी माणसं बाहेर होती. त्यांतली एक रेचेल, न्यूटनच्या आजोबांच्या मळ्यावरची गुलाम स्त्री. ती शिधा पोचवी, शिपायांच्या हालचालींची खबर आणी. पाठलागावरच्या कुत्र्यांचा माग चुकवायला बायका लाल मिरची वापरत, असं त्या भागात अजून सांगतात. न्यूटन पकडला गेला असता तर फरारी म्हणून फाशी गेला असता. रेचेल पकडली गेली असती तर तिच्या शिक्षेला खटलाही लागला नसता.

1864 च्या एप्रिलमध्ये कर्नल रॉबर्ट लाउरी शिकारी कुत्री घेऊन आला. काही दिवसांत दहा माणसं फासावर चढली. न्यूटन सापडला नाही. लाउरी पुढे मिसिसिपीचा गव्हर्नर झाला.

युद्ध संपलं, गुलामगिरी संपली. विजयी सरकारच्या वतीने न्यूटनने उपाशी घरांना धान्य वाटलं, आणि कायद्याने मुक्त होऊनही मालकांनी अडकवून ठेवलेली काळी मुलं सोडवून आणली. जिल्ह्यातल्या प्रतिष्ठितांना मात्र आपल्या जिल्ह्याच्या नावाची लाज वाटू लागली. 1865 मध्ये त्यांच्या अर्जावरून जोन्सचं नाव बदललं. नवं नाव ‘डेव्हिस’, पराभूत राष्ट्राध्यक्षावरून. आणि एलिसव्हिल झालं ‘लीसबर्ग’, पराभूत सेनापतीवरून. काही वर्षांनी जुनी नावं परत आली. न्यूटनने आपल्या कंपनीला केंद्र सरकारच्या बाजूने लढल्याचा मोबदला मिळावा म्हणून अर्ज केले. ते प्रकरण 1900 पर्यंत चाललं आणि नामंजूर झालं. एका सैन्याच्या लेखी तो पळपुटा, दुसऱ्याच्या लेखी शिपाईच नाही.

रेचेल त्याच्याच जमिनीवर राहायला आली. 1876 मध्ये त्याने तिच्या नावावर 160 एकर जमीन करून दिली. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या बाईच्या नावावर जमीन, ही गोष्ट बंदुकीपेक्षा कमी धाडसाची नव्हती. न्यूटनपासून तिला मुलं झाली. त्याची लग्नाची बायको सेरिनाही त्याच वस्तीत राहत होती, आणि तिच्यावर काय गुजरलं हे कैवारी ठरवणाऱ्यांनी सोयीने वगळलं आहे. पुढे न्यूटनच्या एका गोऱ्या मुलाचं आणि एका मुलीचं लग्न रेचेलच्या आधीच्या मुलांशी झालं. अशी एक वस्तीच तयार झाली, जिला आजूबाजूचे ना गोऱ्यांत धरत, ना काळ्यांत. रेचेल 1889 मध्ये गेली, न्यूटन 1922 मध्ये. त्याला तिच्याजवळच, टेकडीवरच्या घरच्या दफनभूमीत पुरलं. तो दुसऱ्यांसाठी जगला, असं त्याच्या दगडावर कोरलं आहे.

टॉमच्या पुस्तकात ती दलदल आहे, ते शिंग आहे, शूर बाप आहे. रेचेलच्या संसाराला तिथे जागा नाही. पूर्वज मिरवायचा असेल तर त्याच्या ताटात जेवलेली माणसंही आपली म्हणावी लागतात. टॉमला बाप हवा होता, बापाचं घर नको होतं. एथेलबाईंचं उलट. त्यांनी रेचेलवर पानंच्या पानं खर्च केली, पण ती न्यूटनला बदनाम करण्यासाठी. बाकीच्या नाइट मंडळींनी कॉन्फेडरेट झेंड्याशी इमान राखलं, बिघडला तो एकच, हे त्यांना जगाला पटवायचं होतं.

त्यांना एवढी घाई का झाली, तेही सांगतो. न्यूटन आणि रेचेल या दोघांचाही पणतू डेव्हिस नाइट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात होता. दिसायला गोरा, कागदोपत्री गोरा. 1946 मध्ये त्याने एका गोऱ्या मुलीशी लग्न केलं. मिसिसिपीच्या कायद्याने आठवा हिस्सा किंवा अधिक काळं रक्त असलेल्याला गोऱ्या व्यक्तीशी लग्न करता येत नसे. डिसेंबर 1948 मध्ये त्याच एलिसव्हिलमध्ये डेव्हिस आरोपी म्हणून उभा राहिला.

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. एलिसव्हिलच्या कोर्टाने नेमकं तेच आरंभलं. पणजी पूर्ण काळी असेल तर पणतवाच्या अंगात आठवा हिस्सा भरतो आणि तो गुन्हेगार ठरतो. ती थोडीशी उजळ वंशाची निघाली तर तो निर्दोष. मरून साठ वर्षं होत आलेल्या बाईचे केस कसे होते, नाक कसं होतं, कातडी किती काळी होती, यावर साक्षी झडल्या. सरकार पक्षाच्या साक्षीदारांत एक नव्वदीच्या घरातला म्हातारा होता: टॉम नाइट. पुस्तकात ज्या रेचेलला त्याने जागा दिली नव्हती, तिच्याबद्दल तो आता शपथेवर बोलला. ती काळी होती, हे सांगण्यासाठी. ज्या बाईने त्याच्या बापाला दलदलीत खाऊ घातलं, तिचं नाव या मुलाच्या तोंडी जाहीरपणे आलं ते तिच्या पणतवाला तुरुंगात धाडण्याच्या कामी.

डेव्हिसला पाच वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर 1949 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायदा चुकीचा आहे, असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. आठव्या हिश्शाचा पुरावा निःसंशय नाही, एवढंच म्हणाले. डेव्हिस घरी गेला, कायदा जागेवर राहिला. 1967 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असले सगळे कायदे मोडीत काढले. मिसिसिपीच्या राज्यघटनेतलं ते कलम प्रत्यक्ष खोडायला 1987 उजाडलं, आणि तेव्हाही मतदारांनी ते खोडलं काठावरच्या बहुमताने.