काहीही चालेल

पाहुणा घरात आला, हातपाय धुऊन, पाणी पिऊन टेकला की घरची बाई विचारते, "जेवायला काय करू?" आणि पाहुणा सांगतो, "काहीही चालेल." आमच्या बेळगाव भागात हे वाक्य दोन भाषांतून ऐकू येते. कानडी पाहुणा म्हणतो, "एनाद्रू नडीतद्री." भाषा दोन, पण त्यामागचा संकोच एकच आणि त्यातली लबाडीही एकच. कारण काहीही चालत नसते. एकाला मुळ्याचा वास सहन होत नाही, दुसऱ्याचा गुरुवार असतो, तिसऱ्याने कांदा-लसूण सोडलेला असतो. हे सारे कळते ते पाने वाढून झाल्यावर, आणि मग घरची बाई घाईघाईने दहीभात कालवायला धावते. पाहुणा मात्र वर तोंड करून म्हणतो, "कशाला त्रास घेतलात?"

अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेने यजमानाची कर्तव्ये बारकाईने सांगितली. पाहुण्याच्या कर्तव्यांविषयी ती फारशी बोलत नाही. देवाला कर्तव्ये कोण सांगणार? या विषयाकडे मी कधी गंभीरपणे पाहिले नव्हते. या वर्षी एका जेवणाच्या आखणीने ते करायला लावले, आणि ते जेवण व्हायचे आहे जपानात, क्योतो शहरी.

प्रसंग सौभाग्यवतीच्या साठीचा. आमच्याकडे साठीशांत होते ती बहुधा पुरुषाची. बायका त्या दिवशी शेजारी बसतात, एवढेच. मुलगा नऊ वर्षे ओसाकाला नोकरी करतो. त्याने कळवले की जपानातही साठी मोठी मानतात. आपल्या पंचांगात प्रभवापासून साठ संवत्सरांचे चक्र आहे, तसे त्यांच्याकडेही साठ वर्षांचे चक्र आहे. ते पुरे झाले की माणूस पुन्हा जन्मला असे समजून त्याला तान्ह्या मुलासारखी लाल बंडी घालतात. तेव्हा येत्या नोव्हेंबरच्या अखेरीस, तिथले मेपल लाल होतात तेव्हा, आईबाबांनी यावे आणि आईची साठी क्योतोच्या एखाद्या जुन्या, नामांकित भोजनगृहात करावी, असा त्याचा बेत.

अशा ठिकाणच्या जेवणाला 'काइसेकी' म्हणतात. या उच्चाराचे दोन शब्द आहेत. त्यांतल्या एकाचा अक्षरार्थ 'उराशी धरलेला दगड'. झेन भिक्षू भुकेचा चटका कमी व्हावा म्हणून ऊन दगड वस्त्रात पोटाशी धरून बसत, त्यावरून चहाच्या समारंभाआधीच्या साध्या जेवणाला हे नाव पडले. भात, एक सार आणि दोन-तीन पदार्थ, इतकेच. भुकेच्या दगडाचे नाव मिरवणारे हे जेवण आज नामांकित ठिकाणी माणशी तीस-चाळीस हजार येनला, म्हणजे आपल्या पंधरा-वीस हजार रुपयांच्या पुढे सहज जाते. खर्चाविषयी आमच्या घरी वाद झाला. तो इथे सांगत नाही. एवढ्या पैशात गावाकडे काय काय झाले असते हा हिशेब मांडणाऱ्यांनी तो आपल्या घरच्या लग्नापासून सुरू करावा.

या जेवणाची खूण अशी की काय खायचे ते पाहुणा ठरवत नाही. ऋतू पाहून, सकाळचा बाजार पाहून आचारी ठरवतो. 'ओमाकासे' असा त्यांचा एक शब्द आहे. अर्थ, 'तुमच्यावर सोपवले'. वरवर पाहता हे आपले 'काहीही चालेल'च. पण तसे नाही. सोपवण्याआधी पाहुण्याकडून बरेच काही मागितले जाते. किती माणसे, किती वाजता, हे पक्के सांगावे लागते. ऐनवेळी न जाणाऱ्याकडून बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे घेतात, कारण जागा दहा-बारा आणि सामान त्या दहा-बारांपुरतेच आणलेले. उग्र अत्तर लावून जाऊ नये. आणि मुख्य म्हणजे काय खात नाही ते आधी कळवावे. क्योतोतली काही घरे तर ओळखीच्या माणसाच्या शिफारशीवाचून नव्या गिऱ्हाइकाला घेतच नाहीत. आपल्याला हा उर्मटपणा वाटतो. मला मात्र त्यात एक सरळपणा दिसला: तू कोण हे कळल्याशिवाय तुला काय वाढावे ते आम्हाला कसे कळणार?

अडचण इथेच आली. सौभाग्यवती शाकाहारी. नुसती सवयीने नव्हे. माहेरी चालत होते, ते तिने पंचविशीत विचारपूर्वक सोडले. आणि जपानी स्वयंपाकाचा प्राण म्हणजे 'दाशी' नावाचे पाणी. कोंबू ही समुद्रातली वाळवलेली वनस्पती पाण्यात तापवून काढून घेतात, मग कुप्याच्या जातीचा एक मासा शिजवून, धुरावून, वाळवून लाकडासारखा टणक करतात, त्याचा कीस त्यात टाकून क्षणभराने गाळतात. पाणी जवळजवळ पारदर्शक राहते. त्याच पाण्याचे सार, त्यातच भाज्या शिजतात. इ. स. 675 मध्ये तेम्मू नावाच्या सम्राटाने वर्षातल्या काही महिन्यांपुरती गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसाला बंदी केली, तिच्यात मासा नव्हता. त्यामुळे 'मांस नको' म्हटले तरी मासळीचे पाणी जात नाही.

मुलाने चार ठिकाणी विचारले. ज्या घरावर त्याचे मन बसले होते त्यांनी नम्रपणे कळवले की दाशीवाचून आमचे जेवण होत नाही, क्षमा असावी. तेव्हा तो मला फोनवर म्हणाला, "बाबा, एक सुचवू का? मासा, मांस पानात येणार नाही एवढं मी बघतो. पाण्याचं आईला सांगू नका. गाळलेलं असतं, दिसत नाही, वासही लागत नाही. तिला किती आनंद होईल! पाप लागलं तर मला लागू दे."

मी जन्मभर मुलांना तर्कशास्त्र शिकवले, पण पोटच्या मुलाच्या या वाक्याला चटकन उत्तर सुचले नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. आईचे भले व्हावे हीच इच्छा होती. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. जीव वाचवण्यासाठी लपलेली माणसे कुठे आहेत ते या सत्यवादी तपस्व्याने दरोडेखोरांना खरे सांगितले आणि तो नरकात गेला. म्हणजे आपल्याकडे सत्य हे आंधळे मानलेले नाही. पण तिथे माणसांचे प्राण पणाला लागले होते. इथे पणाला काय होते? एक छान संध्याकाळ.

चार दिवसांनी मुलाने दुसरा मुद्दा काढला. जपानात राहून तो बुद्धाविषयी थोडे वाचतो. भिक्षूने प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला नसेल, ऐकले नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्षेतले मांस त्याला निषिद्ध नाही. "आई पाहणार नाही, ऐकणार नाही, तिला शंकाही येणार नाही," तो म्हणाला. वकिली चांगली होती. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहाराची ही चर्चा निर्भीडपणे केली आहे. ती मी पुन्हा काढून वाचली. वाचताना ध्यानात आले की हा नियम घेणाऱ्यासाठी आहे, देणाऱ्यासाठी नव्हे. दारोदार फिरणाऱ्या भिक्षूने गरिबाच्या घरचे शिजलेले नाकारून त्याला लाजवू नये म्हणून ती सवड. पाहू नये, ऐकू नये, शंका येऊ नये अशी व्यवस्था आपणच करायची आणि मग म्हणायचे की शंका नव्हती, हा त्या नियमाचा उपयोग नव्हे. ती त्याची चोरी.

आणखी एक गोष्ट आमच्या गल्लीतलीच आहे. आमचे शेजारी लिंगायत. तीस वर्षे ते आमच्या घरच्या कार्याला जेवतात, आम्ही त्यांच्या. आमच्याकडे वर्षातून दोन-चारदा मटण शिजते. त्या दिवशी शेजारची अव्वा आली तर सौभाग्यवती दारातच सांगते, "अव्वा, आज आमच्या मंडळींसाठी केलंय, तुमचं पातेलं वेगळं." म्हातारी त्या वेगळ्या पातेल्यातले निःशंक जेवते. पातेले तिने कधी उचकून पाहिले नाही. आमच्या शब्दावर ती जेवते. भाषेवरून दर निवडणुकीला ढवळून निघणाऱ्या या जिल्ह्यात दोन घरे एकमेकांचे अन्न खातात, ती या शब्दावर. त्या पातेल्यात एकदा, नुसते चवीसाठी, आमचा रस्सा घातला असता, तर तिला चव लागली असती, आनंदही झाला असता. तिच्या विश्वासाचे मात्र त्या घासापुरते आम्ही काहीच ठेवले नसते.

आपणहून सोपवणे आणि फसवले जाणे या दोन्हींत ताट तेच, चव तीच, चेहऱ्यावरचे समाधानही तेच. फरक जिभेला कळत नाही. तो एवढाच की पहिल्यात जेवणाऱ्याने स्वतःचा अधिकार दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो आणि दुसऱ्यात तो त्याच्या नकळत काढून घेतलेला असतो. आमच्या सौभाग्यवतीला पाण्याचे कळवून ती म्हणाली असती, "एक दिवस चालेल मला," तर मी एक शब्द बोललो नसतो. तो तिचा नेम, मोडायचा तर तिने.

मी तिला सगळे सांगितले. मुलाची सूचनाही, त्याच्या परवानगीने. ती रागावली नाही, हसली. मग तिने विचारले ते मला अनपेक्षित होते. "अहो, पण मी त्यांचं सार तसंच ठेवलं तर त्या आचाऱ्याला काय वाटेल?" आणि मुलाला फोनवर सांगितले, "मला नुसता भात आणि लोणचं मागव. माझ्यासाठी कुणाला धावाधाव नको."

हे 'धावाधाव नको' मला पटले नाही. जपानीत जेवण झाल्यावर यजमानाचे आभार मानताना जो शब्द वापरतात, 'गोचिसो', त्यातल्या अक्षरांचा मूळ अर्थच धावाधाव, दौड. पाहुण्यासाठी सामान गोळा करत हिंडला, त्याचे ते आभार. दोगेन या झेन आचार्याने 1237 साली मठातल्या आचाऱ्यासाठी एक पुस्तिका लिहिली, तिच्यात तरुणपणची आठवण आहे. 1223 मध्ये तो चीनला गेला. जहाज बंदरात असताना एक म्हातारा भिक्षू जपानी अळंबी विकत घ्यायला आला. दूरच्या मठाचा आचारी, वय एकसष्ट. उद्याच्या सणाला सगळ्यांना शेवयांचे सार करायचे होते, म्हणून पायपीट करून आलेला. दोगेनने त्याला रात्री थांबायचा आग्रह केला, तुझ्यावाचून उद्याचे जेवण अडणार आहे का, असे म्हटले. म्हातारा थांबला नाही. हे आपले म्हातारपणीचे साधन आहे, दुसऱ्याला कसे देऊ, असे काहीसे बोलून परत गेला. ही गोष्ट मी सौभाग्यवतीला सांगितली. म्हटले, तू लोणचेभात मागितलास तर त्या आचाऱ्याचे काम वाचणार नाही, काढून घेतले जाईल. ती म्हणाली, "म्हणजे माझी सोय नाही, त्यांची विचारायची." आणि बराच वेळ काही बोलली नाही.

शेवटी एक धाकटे, कमी गाजलेले घर मिळाले. त्यांचा निरोप आला की दोन आठवडे आधी पक्के कळवल्यास बाईंसाठी कोंबू आणि वाळवलेली शिताके अळंबी यांची दाशी करू. मठांतल्या स्वयंपाकात ती पूर्वीपासून आहे. मुलाचे आणि माझे पान नेहमीचे. सोबत एक छापील कागद होता. पहिल्या रकान्यात न चालणारे पदार्थ. तो मुलाने भरला, मासळीच्या पाण्यासकट. दुसरा रकाना नावडत्या पदार्थांचा. क्योतोत हिवाळ्याच्या तोंडाला मुळ्याचा आणि सलगमचा मोसम सुरू होतो, आणि आमच्या घरात मुळा गेली पस्तीस वर्षे येत नाही.

"आई, मुळ्याचं लिहू ना?" मुलाने विचारले.

तिने क्षणभर विचार केला. "तिथं काही लिहू नकोस. ते मुळ्याचं काय करतात ते बघू दे मला."