न संपलेल्या वेळेची नोंद

११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून १० वाघिणींची पाणीगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरात पोचली. एकेका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. बातम्या लिटरच्या आल्या, लातूरकर मात्र विचारत होता की नळाला किंवा टँकरला पाणी कधी येणार. वाघिणी भरणं, रुळावरचा प्रवास, विहिरीत उतरवणं, शुद्धीकरण, वाटप यांत किती वेळ गेला आणि मधे किती वेळ पाणी नुसतं थांबलं, हे एकत्र मांडल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्यांपुढे हाच पेच होता. मोबाइलवर एक बटण दाबलं की ते काम अनेक सर्व्हरांतून फिरतं. प्रत्येक यंत्र आपापली लॉग लिहायचं, पण कोण कोणासाठी खोळंबलं हे त्यातून कळायचं नाही. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून आधी काय नि नंतर काय ठरवता येत नाही, त्यासाठी निरोपांचा माग काढावा लागतो, असं लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं. २०१० मध्ये गुगलने आपली ‘डॅपर’ ही यंत्रणा जगापुढे मांडली. त्यात कामाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्पॅन: नाव, सुरुवात, शेवट, आणि हे काम कोणत्या कामातून निघालं त्याचा क्रमांक. माझ्या मते खरी करामत या शेवटच्या रकान्यात आहे. वेळ तर पूर्वीही मोजत होते. साऱ्या स्पॅनना बांधणारा ट्रेस क्रमांकही तितकाच मोलाचा. नांदेडमार्गे मुंबईला जाणारी देवगिरी एक्स्प्रेस दक्षिण मध्य रेल्वेतून मध्य रेल्वेच्या हद्दीत शिरते, पण गाडीचा क्रमांक तोच राहतो, तसा.

डॅपरने विचारणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या यंत्रांच्या वेळा एकाच स्पॅनमध्ये ठेवल्या. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या ट्विटरच्या झिपकिनचीही रीत तीच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ओपनटेलिमेट्रीत दोघांचे स्पॅन वेगळे असतात. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. कधी उत्तर प्रश्नाच्या आधीच सुरू झालेलं दिसतं, पण मग निदान घड्याळं जुळत नाहीत हे उघड होतं.

एक गोष्ट मात्र खटकते. स्पॅन सहसा संपल्यावरच पाठवला जातो. मधेच प्रक्रिया कोसळली तर त्याची नोंदच उरत नाही. मागे राहतात त्याची पोरकी उपकामं. रेल्वेच्या नियंत्रण कक्षातल्या आलेखाची अशी पंचाईत होत नसे. उभ्या बाजूला स्थानकं, आडव्या बाजूला तास. स्थानकांवरून वर्दी येईल तशी पेन्सिलीची तिरपी रेघ पुढे सरके. गाडी उभी असली की रेघ आडवी. कुर्डुवाडी-बार्शीच्या मधे गाडी अडकली, तर रेघही तिथेच थांबे आणि नियंत्रक फोन उचले.

स्पॅनचीही अशी सुरुवात आणि शेवट वेगळे नोंदवायचे तर संदेश दुप्पट होतात, शिवाय जोड्या जुळवाव्या लागतात. क्षणात उरकणाऱ्या डेटाबेसच्या कामासाठी तो खर्च कोण करील? डॅपर तर सुरुवातीला सरासरी १,०२४ विनंत्यांपैकी एकीचाच माग ठेवत असे. पण रात्रभर चालणाऱ्या कामाची सुरुवात तरी लगेच लिहून ठेवावी. पुढे, काम झाल्यावर पाहून कोणता ट्रेस ठेवायचा ते ठरवण्याची पद्धत आली. तीही शेवटाची वाट पाहते, आणि ओपनटेलिमेट्रीच्या संग्राहकात ही वाट, कुणी बदलली नाही तर, ३० सेकंदांची असते.